सिद्ध कोणी करायचं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या ऑफिसात नोकरीच्या अर्जांची छाननी आता संगणकच करणार, आणि त्यावर तुझा शेरा: "शास्त्रज्ञ शोध लावतात, इंजिनिअर यंत्र बनवतात, आपण जुळवून घ्यायचं." जणू काही तो पाऊसच, आपल्या हातात फक्त छत्री उघडणं! मला हे अजिबात पटलेलं नाही. सवडीनं वाच, पत्र लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, आधी विज्ञान आणि मग यंत्र हा क्रम पुष्कळदा उलटाच असतो. कोळशाच्या खाणींत पाणी साचायचं, ते उपसायला न्यूकमेननं 1712 मध्ये वाफेचं इंजिन उभं केलं. हा गृहस्थ लोखंडी सामानाचा व्यापारी. उष्णता म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं. या इंजिनांतून जास्तीत जास्त काम किती निघू शकतं, हा प्रश्न कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं 1824 मध्ये नीट मांडला आणि त्यातून पुढे उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या नात्याचं शास्त्र, उभी राहिली. आज ताऱ्यांचा अभ्यास करतानाही जे नियम वापरतात, त्यांचं मूळ खाणीतल्या पाण्यात आहे.

बरं, यंत्र तरी इंजिनिअरच्या एकट्याच्या मर्जीनं घडतं का? सायकल घे. 1870 च्या दशकातली सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीइतकं उंच चाक. धाडसी तरुणांना तोच तोरा हवा होता. पायघोळ झग्यातल्या बायकांनी किंवा वयस्कर माणसांनी त्यावर चढायचं कसं? 1885 मध्ये स्टार्लीची बुटकी, साखळीची सायकल आली. 1888 मध्ये डनलॉपनं हवेचा टायर काढला, तोही मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. पट्टीच्या सायकलपटूंना तो हास्यास्पद वाटला. धक्के सोसण्यातच तर मर्दुमकी! पुढच्याच वर्षी बेलफास्टमध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूनं हेच टायर लावून शर्यती मारल्या आणि हसणं बंद झालं. सुखासाठी काढलेली वस्तू वेगासाठी खपली, आणि वेगाच्या नावाखाली बुटकी सायकलही मान्य झाली. मग बायका सायकलवर बसल्या, त्यासाठी पोशाख बदलले, आणि 1896 मध्ये अमेरिकेतल्या स्त्री-हक्क चळवळीच्या नेत्या सुसान बी. अँथनी म्हणाल्या की स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलनं इतर कशाहीपेक्षा जास्त केलंय. यात कोणी कोणाला घडवलं, ते सांग बघू.

यंत्रानं श्रम वाचतात, हेही तू गृहीत धरलंयस. धुलाईयंत्राबद्दल रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी दाखवलं ते भलतंच आहे. कपडे जास्त वेळा धुतले जायला लागले, आणि पूर्वी धोब्याकडे किंवा मोलकरणीकडे जाणारं काम गृहिणीच्या अंगावर परत आलं. मेहनत हलकी झाली, वेळ फारसा वाचला नाही.

आता जरा बोचणारं उदाहरण. बोटाला चिमट्यासारखा लावतात तो ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. त्वचेतल्या रंगद्रव्याचा त्या प्रकाशावर परिणाम होतो. काळ्या रुग्णांमध्ये आकडा चुकतो, हे 1990 मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं. तरी 2020 च्या डिसेंबरमध्ये, कोविडची महासाथ ऐन भरात असताना, मिशिगनच्या डॉक्टरांनी ते पुन्हा दाखवलं: यंत्रावर आकडा ठीक, पण प्रत्यक्षात ऑक्सिजन घातक इतका कमी, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये सुमारे तिप्पट वेळा घडत होतं. प्रकाशाला कोणाबद्दल आकस नसतो. पण यंत्राचा आकडा कोणाच्या बोटांवर जुळवून घ्यायचा, हे माणसंच ठरवतात. आणि तीस वर्षं ते तसंच चालू देणं, हाही निर्णयच.

मला खरं सांगायचंय ते शिशाबद्दल. 1921 मध्ये जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिडग्ले या इंजिनिअरला आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबतं. अल्कोहोल मिसळूनही ते थांबतं, हे मिडग्ले आणि त्याच्या कंपनीला ठाऊक होतं. पण ते बरंच घालावं लागायचं आणि त्यावर पेटंटची कमाई नव्हती. शिसं विषारी आहे हे तर जगाला शतकानुशतकं माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पण उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट कीहो यांची भूमिका अशी, की घातक आहे म्हणता ना, मग पुरावा द्या; तोवर विक्री चालू. संशोधनाचा पैसाही बराचसा उद्योगाचाच. ही युक्ती चाळीस वर्षं पुरली.

ती मोडायला लागली कोणामुळे, तर पृथ्वीचं वय काढणाऱ्या माणसामुळे! क्लेअर पॅटरसन उल्केतलं शिसं मोजत होता. मोजमाप काही जुळेना, कारण प्रयोगशाळेतल्या धुळीपासून केसांपर्यंत सगळीकडे बाहेरचं शिसं. त्यानं जवळपास निर्जंतुक म्हणावी अशी स्वच्छ खोली उभारली आणि 1956 मध्ये पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. मग तो त्या बाहेरच्या शिशाच्याच मागे लागला. समुद्र, ध्रुवांकडचं बर्फ, सगळीकडे एकच कहाणी: माणसानं सोडलेलं शिसं वाढत चाललेलं. त्याची संशोधनाची काही कंत्राटं गेली, आणि 1971 मध्ये हवेतल्या शिशावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीत त्याला, बहुधा या विषयातल्या सर्वांत जाणकार माणसाला, घेतलंच नाही.

बरं, शिसं हटलं ते केवळ सत्याच्या जोरावर, असंही नाही. शहरांतल्या धुरक्याविरुद्ध लोक ओरडले, अमेरिकेत 1970 मध्ये कायदा झाला, त्यासाठी 1975 पासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं उपकरण, बसले, आणि शिशानं ते कन्व्हर्टर निकामी व्हायचे. मुलांच्या मेंदूसाठी जे झालं नाही, त्याची सुरुवात एका नाजूक यंत्रासाठी झाली! 1979 मध्ये नीडलमन या डॉक्टरनं मुलांच्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून त्याचा बुद्धीशी संबंध दाखवला, तेव्हा रेटा आणखी वाढला. तरी गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, थांबला तो 2021 मध्ये.

एका बाबतीत तुझं बरोबर आहे. पसरलेली गोष्ट मागे घेणं महाकठीण. डेव्हिड कॉलिंग्रिज या ब्रिटिश अभ्यासकानं 1980 मध्ये हा पेच मांडला: सुरुवातीला बदलणं सोपं असतं तेव्हा परिणाम कळत नाहीत, आणि कळतात तेव्हा बदलणं अवघड झालेलं असतं. पण मित्रा, तुझ्या ऑफिसातली ती प्रणाली अजून सुरू व्हायचीय. म्हणजे तू पेचाच्या सोप्या टोकाला आहेस.

तेव्हा पुढच्या बैठकीत गप्प बसू नकोस. कोणत्या जुन्या अर्जांवरून ती शिकली, ते विचार. त्या अर्जांतून निवड करणारे कोण होते, तेही विचार. नाकारलेल्या उमेदवाराला कारण कळणार का? आणि मुख्य म्हणजे, तिनं अन्याय केला असं कोणाला वाटलं, तर तो त्या उमेदवारानं सिद्ध करायचा, की झाला नाही हे विकणाऱ्यानं? उत्तर तोंडी घेऊ नकोस, लेखी माग. काय म्हणतात ते मला कळव.

तुझा मित्र