ताई, चार फोन नव्हते ते, मी मोजलेत

ताई, नमस्कार.

नवऱ्याच्या ग्रीनकार्डासाठी केलेल्या मदतीचे आभार मानायला फोन केला की तुम्ही "अगं काय केलं मी, चार फोन तर केले" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय. आणि चार नव्हते, मी कॉल लिस्ट बघून मोजलेत, नुसते रात्री दहानंतरचेच सतरा निघाले.

तुम्हाला माहितीये पण बाकीच्यांसाठी सांगते. बाबा नोकरीला अमेरिकेत असताना माझा जन्म झाला आणि मी दीड वर्षाची असताना सगळे परत आले. म्हणजे पासपोर्ट अमेरिकेचा, पण तिथली आठवण शून्य, कमाईही शून्य. नंतर मी कामासाठी म्युनिकला आले, तिथेच जर्मन नवरा मिळाला, १९ ऑगस्ट २०२३ ला लग्न झालं आणि मग दोघांनी ठरवलं की अमेरिकेत जायचं. मला वाटलं होतं मी सिटिझन आहे, तो नवरा आहे, फ्रँकफर्टच्या कॉन्सुलेटात जायचं, फॉर्म द्यायचा आणि झालं. तुमच्या वेळी जवळपास तसंच होतं म्हणे. पण १ फेब्रुवारी २०२० पासून कॉन्सुलेट आय-१३०, म्हणजे नवऱ्याला तिकडे न्यायचं पहिलं पिटिशन, फक्त अगदीच अपवादात्मक कारण असेल तर घेते, बाकीच्यांनी जगात कुठेही राहत असलं तरी यूएससीआयएसकडेच, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडेच, भरायचा. हेही मला तुमच्याकडूनच कळलं, ट्रेनचं तिकीट काढायच्या आदल्या दिवशी.

आय-१३० तसा सोपा गेला. मे २०२४ मध्ये ऑनलाइन भरला, ६२५ डॉलर, कागदावर भरला असता तर ६७५. तिथेही तुम्ही पैसे वाचवलेत. आमचा घराचा करार, विम्याचे कागद सगळं जर्मनमध्ये, आणि मी सरकारमान्य भाषांतरकाराकडून कोटेशन मागवून बसले होते, आकडा बघून नवऱ्याने चष्मा काढून पुसला. तुम्ही म्हणालात, अगं दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करून दिलं तरी चालतं, फक्त भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे आणि मला या भाषा येतात असं लिहून खाली नाव, पत्ता, सही, तारीख पाहिजे. नवऱ्याच्या कलीगने दोन संध्याकाळी बसून करून दिलं. आणि पुढे एनव्हीसीच्या, म्हणजे इंटरव्ह्यूआधी व्हिसाचे कागद तपासणाऱ्या केंद्राच्या, टप्प्यावर तर जर्मन कागद तसेच चालले, कारण इंटरव्ह्यू जर्मनीत होता.

खरी वाट लागली ती आय-८६४ ला, म्हणजे नवऱ्याच्या खर्चाची हमी द्यायच्या फॉर्मला. मार्च २०२५ मध्ये पिटिशन अप्रूव्ह झालं, केस एनव्हीसीकडे गेली, मी आनंदाने स्पॉन्सरचा फॉर्म उघडला आणि तुम्हाला म्हणाले की माझा पगार भरपूर आहे, दोघांसाठी वर्षाला साधारण २६,४०० डॉलर लागतात, मी त्याच्या किती वर आहे बघा. तुम्ही जरा वेळ गप्प बसलात आणि मग विचारलंत, "हा पगार तिकडे गेल्यावर चालू राहणार आहे का?" नाही राहणार. मी नोकरी सोडणार होते. मग तो धरता येत नाही, संपलं. ठीक आहे म्हणलं, न्यू जर्सीतला मावसभाऊ जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे माझ्यासोबत हमी देणारा, व्हायला तयार आहे. त्यावर तुमचा दुसरा प्रश्न, आणि हा मी कधी विसरणार नाही, "तू स्वतः राहायला जाणार आहेस की नुसतं त्याला पाठवणार आहेस?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही समजावलंत की जॉइंट स्पॉन्सर कितीही मोठा आणला तरी मूळ स्पॉन्सर मीच राहते, माझाही आय-८६४ लागतोच, आणि स्पॉन्सरचं डोमिसाइल, म्हणजे कायमचं राहायचं ठिकाण, अमेरिकेत पाहिजे. भावाचा पगार माझ्या पगाराच्या जागी चालतो, पण माझ्या डोमिसाइलच्या जागी त्याचं डोमिसाइल चालत नाही.

आता जे सांगणारे ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. एका कन्सल्टंटने, पैसे घेऊन, मला सल्ला दिला होता की भावाचा पत्ता टाक, तिथेच राहते म्हण, कोण बघतंय. मी तो टाकलाही होता. तुम्हाला ड्राफ्ट पाठवला आणि अर्ध्या मिनिटात फोन. एवढं तर माझी आई पण ओरडली नाहीये कधी. "आय-१३० मध्ये पाच वर्षांचे म्युनिकचे पत्ते कोणी लिहिलेत, मी? आणि सही कशावर करतेयस ते वाचलंस का?" वाचलं नव्हतं. खोटं निघालं तर गुन्हा, असं सहीच्या वरच लिहिलेलं आहे.

आणि मग ओरडून झाल्यावर तुम्ही जे सांगितलंत त्याने माझं डोकं जाग्यावर आलं. की खोटं बोलायची गरजच नाहीये. आत्ता बाहेर राहते, पण नवरा अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत मी तिथे राहायला आलेली असेन, हे सांगणं नियमात बसतं, फक्त ते नुसतं म्हणून चालत नाही, कागदांवर दिसलं पाहिजे. मग तुम्ही एकेक कागद वदवून घेतलात. म्युनिकच्या घरमालकाला दिलेली नोटीस. सामान पाठवणाऱ्या कंपनीचं कोटेशन. भावाचं पत्र की वरची खोली आमच्यासाठी रिकामी ठेवलीये. मी केलेल्या नोकरीच्या अर्जांचे ईमेल, नकार आलेले पण, "नकार पण लाव गं, नकार यायला आधी अर्ज करावा लागतो" हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं. आणि तिकीट काढताना मी त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबतच जायचं, मागून येते असं नाही.

टॅक्सचं तर बोलायलाच नको. आय-८६४ ला शेवटच्या वर्षाचं रिटर्न लागतं आणि मी आयुष्यात एकही भरलं नव्हतं, कारण अमेरिकेच्या सिटिझनला जगात कुठेही कमावलं तरी तिथे रिटर्न भरावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. नवरा सिटिझन नाही म्हणून आपलं रिटर्न वेगळं भरायचं असेल तर वर्षाला ५ डॉलर मिळवले तरी भरावं लागतं, पाच! मी दोन रात्री झोपले नाही, वाटलं आता दंडात घर जाणार, जे आमच्याकडे नाहीच्चे. तुम्ही शांतपणे राहून गेलेली रिटर्न भरायच्या स्ट्रीमलाइन्ड प्रोसीजरचं सांगितलंत, की मुद्दाम टाळलेलं नसेल तर तसं सही करून लिहून द्यायचं, मागच्या तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार (अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांची माहिती), आणि बाहेर राहणाऱ्याला त्यात दंड नाही. जर्मनीत एवढा टॅक्स कापला गेला होता की तिकडचं देणं शून्य निघालं. शून्यासाठी दोन रात्री.

बाकीच्या लहान लहान गोष्टी भराभर सांगते नाहीतर पत्र संपायचं नाही. एनव्हीसीची फी, ३२५ आणि १२०, फक्त अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच जाते हे ऐकून मी रडकुंडीला आले होते, तुम्ही म्हणालात भावाच्या खात्यातून भरू दे, खातं कुणाचं का असेना. व्हिसाच्या डीएस-२६० अर्जात सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात आणि आमचे हे शिकताना नऊ घरं फिरलेले, सासूबाईंनी जुनी पत्रं काढून घरनंबर शोधले. आणि "कुठे वर्षभर राहिलायस का रे दुसऱ्या देशात" असं तुम्ही सहज विचारलंत म्हणून त्याला सिंगापूरचे चौदा महिने आठवले. बारा महिने झाले की त्या देशाच्या पोलिसांचा दाखला लागतो, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, ते इंटरव्ह्यूच्या आठवड्यात कळलं असतं तर काय केलं असतं मी.

इंटरव्ह्यू जुलैत झाला. तो एकटाच आत, मी बाहेर बाकावर, तुम्ही फोनवर. वीस मिनिटांत आला आणि म्हणाला, डोमिसाइलचे कागद नीट बघितले, बाकी लग्न कसं झालं विचारलं, बस.

मी लगेच १२ ऑगस्टची तिकिटं काढून तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं, "लग्नाची तारीख काय गं?" लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत शिरलो असतो तर दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीनकार्ड, मग कंडिशन काढायला परत आय-७५१ फॉर्म, परत सगळे पुरावे, परत फी. दोन वर्षं झाल्यावर शिरलो की सरळ दहा वर्षांचं. तिकिटं २१ तारखेवर नेली, बदलायचे पैसे गेले ते गेले. व्हिसावर सीआर१, म्हणजे कंडिशनलवालं, होतं, एअरपोर्टवरच्या ऑफिसरला मी घाबरत म्हणलं की परवाच दोन वर्षं झालीत, त्याने सर्टिफिकेटवरची तारीख बघितली आणि आयआर१, म्हणजे दहा वर्षांवालं, करून दिलं. कार्डाची २३५ डॉलरची फी आधीच ऑनलाइन भरलेली होती, कार्ड भावाच्या पत्त्यावर टपालाने आलं.

आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, जर्मनीतली दोन्ही खाती अजून चालू आहेत, मिळून १०,००० डॉलरच्या वर आहेत, एफबार भरायचाय, लक्षात आहे माझ्या. यंदा फोन नका करू त्यासाठी. दुसऱ्या कशासाठी पण करा.

तुमची,
पाच डॉलरवाली