मोरी व्यापाऱ्याला देऊ नका

ति. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

काल दादाचा फोन आला. बाबा घोटीच्या बाजारात गुरं विकायला काढायचं म्हणताहेत, आपल्या मोरी गायीसकट, असं कळलं. फोनवर बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय. आई, बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, तुमच्या गुडघ्याचं दुखणं मला कळतं. गेल्या पावसाळ्यात घसरून पडलात, तरी आधी गुरं खाली आणलीत आणि मग ओट्यावर बसलात. त्या निसरड्या वाटेनं पुन्हा डोंगरावर जाऊ नका, हे मीच सांगतेय. पण गुरं द्यायचीच तर डोंगरातल्याच माणसाला द्या. व्यापारी त्यांना खाली देशावर नेईल, मग ती कुठं गेली हेही कळायचं नाही.

आपली गुरं डांगी जातीची. दूध कमी देतात, हे खरं. पण इगतपुरीकडं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात दिवसभर उभं राहून चरणारं जनावर दुसरं कुठलं आहे? लहानपणी भर पावसात मोरीच्या आईच्या पाठीवर हात फिरवला की तळव्याला तेलकट लागायचं. पाणी थेंब-थेंब होऊन घसरायचं, कातडी आतून कोरडीच. तुम्ही म्हणायचात, 'हिला इरलं देवानंच दिलंय.' काळी टणक खुरं कातळावर वाजायची, तो आवाज इथं सातपूरच्या खोलीत पाऊस आला की अजून कानात येतो.

सुट्टीत मी तुमच्या मागं यायची. गावची चाळीसेक गुरं तुमच्याकडं असायची, राखोळीला घरटी भात मिळायचा. संध्याकाळी गुरं उतरताना तुम्ही कधी मोजायचा नाहीत. नुसतं पाहायचात आणि म्हणायचात, 'बांडी मागं राहिली.' मग धुक्यात हाक मारत परत वर. मी विचारलं, कसं कळतं? तर म्हणालात, रंगात भोक पडल्यासारखं दिसतं. एवढं शिकले, नोकरी करते, पण असं बघणं मला अजून जमलेलं नाही.

मोरी जन्मली तो दिवस तर विसरताच येत नाही. तिची आई वर कारवीच्या रानातच व्याली. तुम्ही ओलं वासरू घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलंत आणि गाय हंबरत, तुमच्या पाठीला नाक लावत घरापर्यंत आली. आईनं चुलीजवळ पोतं अंथरलं. रात्री पोरांना जागा कमी पडली, वासराला पडली नाही.

२०२२ ला गुरांना लंपीचा रोग आला, बाजार बंद झाले. तेव्हा लस टोचून, गाठींवरच्या माश्या हाकत आईनं मोरीला सांभाळलं. आता तिला सोडायचं, तर निदान सोडायची रीत तरी नीट असावी.

मी ठाकरवाडीतल्या त्या पोराशी बोलले आहे, तुमच्यासोबत दोन पावसाळे गुरांमागं आला होता तो. बैल आणि कालवडी वाट्यानं पाळायला तो तयार आहे. पहिलं वासरू त्याचं, दुसरं आपलं. मोरी आपल्याच गोठ्यात राहील. तिच्या चाऱ्याचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन, त्याला नाही म्हणू नका.

दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीपर्यंत थांबा एवढंच. वाघदेवाला नैवेद्य दाखवताना पोरांतला एक जण वाघ होतो, बाकीची त्याला 'आमच्या शिवारात येशील का' म्हणत पळवतात, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार त्यांना? बिबट्या अजून फिरतो, त्यामुळं ते करायलाच हवं.

मी दोन दिवस आधी येते. आई, गुडघ्याला शेक देत राहा, मलम आणते. खिरीला गूळ मी आणीन, दूध मोरीचंच ठेव.

तुमची लेक