संध्याकाळी सातचा भाव

चि. निनादास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, देशातली सगळीच वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या रोजच्या लिलाव-बाजारात, का विकत नाहीत? भाव उघड होईल, स्वस्त वीज आधी उचलली जाईल, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांचं लोढणं गळ्यातून सुटेल. प्रश्न चांगला आहे. पण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरला, राज्याची विजेची मागणी आणि पुरवठा जुळवायच्या कामावर, होते तेव्हा एक्स्चेंज नव्हतं. समोर फ्रिक्वेन्सीचा आकडा असायचा; मागणीला वीज कमी पडली की तो उतरतो. तो 50 हवा, पण संध्याकाळी दिवे लागले की 49 च्या खाली यायचा. मग कोयनेला फोन, "आणखी एक मशीन घ्या." तेवढ्यानं भागलं नाही की फीडर, म्हणजे गावांना वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, बंद करायची यादी हातात घ्यायची. त्या यादीत गावांची नावं असतात रे. फीडर म्हणजे एक आकडा नसतो. तिथं कुणाची पिठाची गिरणी बंद पडते, कुणाचा पंप थांबतो.

जुलै 2002 मध्ये पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली. राज्यानं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे दर पडायचा: 50.5 ला शून्य, आकडा उतरेल तसा दर चढत जाणारा. शिस्त लागली, हे खरं. फ्रिक्वेन्सी सावरली, हे आम्ही रोज पाहत होतो. पण काही राज्यं तो दंडच खरेदीचा मार्ग समजायला लागली. आधी ओढायचं, बिल नंतर भरायचं. वीज वापरून झाल्यावर ठरणाऱ्या किमतीवर देशाचा कारभार चालत नाही. कुणाला उद्या किती हवी आणि कुणाकडे किती शिल्लक आहे, हे आदल्या दिवशी एका ठिकाणी कळायला हवं होतं. माझ्या दृष्टीनं एक्स्चेंजची खरी गरज तिथं निर्माण झाली.

2003 च्या वीज कायद्यानं वाट मोकळी केली. केंद्रीय वीज नियामक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी 2007 मध्ये आली, जून 2008 मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झालं आणि ऑक्टोबरात पॉवर एक्स्चेंज इंडिया. सकाळी 10 ते 12 बोली, तीही झाकलेली, खरेदीदाराची आणि विक्रेत्याचीही. दोन्हींचे आलेख जिथं छेदतात तो भाव सगळ्यांना एकच. माझ्या बरोबरीच्या कित्येकांना हे खटकायचं: ज्याची वीज युनिटला 3 रुपयांत तयार होते त्याला 6 रुपये कशाला? पण ज्याची त्याला बोलीइतकीच किंमत द्यायची ठरवली, तर तो 3 ची बोली लावणारच नाही. शेवटचा भाव किती निघेल याचा अंदाज बांधून 5.90 लावेल. मग कुठलं केंद्र खरोखर स्वस्त आहे हेच कळेनासं होतं आणि महाग केंद्र चुकून आधी चालतं. एकच भाव ठेवला की खरी किंमत सांगण्यात कुणाचं नुकसान नाही. हा भाग मला पहिल्यापासून पटलेला आहे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तारा. कांदा भाव मिळेपर्यंत चाळीत ठेवता येतो, हवा तर दुसऱ्या बाजार समितीत नेता येतो. विजेला तीच तार आणि तीच घटका. म्हणून सौदा जमला तरी तो वाहून नेण्याइतकी जागा वाहिनीत आहे का, हे राष्ट्रीय लोड डिस्पॅच सेंटरकडून बघावं लागतं. जागा नसेल तर बाजाराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक विभागाचा भाव वेगळा निघतो. दक्षिणेनं हे वर्षानुवर्षं सोसलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा 1000 मेगावॅटचा दुवा आणि ओडिशातल्या तालचेरहून कर्नाटकातल्या कोलारला जाणारी वाहिनी असे मोजकेच रस्ते होते. इकडे वीज स्वस्त असायची आणि तामिळनाडू-केरळला महाग. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी चालू झाली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. त्या रात्री आम्हा लोकांना जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. पुढे आणखी वाहिन्या झाल्या तसतसा दक्षिणेचा वेगळा भाव मिटत गेला. तो लोखंडानं आणि ॲल्युमिनियमनं मिटवला, सॉफ्टवेअरनं नाही. हे तू लक्षात ठेवावंस असं मला फार वाटतं.

आता तुझा प्रश्न. सगळीच का नाही? 2001 साल बघ. कॅलिफोर्नियात 1998 मध्ये एक्स्चेंज सुरू झालं. तिथल्या मोठ्या वीज कंपन्यांना जवळपास सगळी वीज त्याच बाजारातून घ्यायला लावली आणि ग्राहकाचा दर मात्र गोठवून ठेवला. टंचाई आली, विक्रेत्यांनी ती आणखी वाढवली, भाव भडकले, कंपन्या कर्जात बुडाल्या आणि जानेवारी 2001 मध्ये ते एक्स्चेंजच बंद पडलं. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या राज्य वीज मंडळानं दाभोळची वीज घेणं थांबवलं. तिथं नेमकं उलट झालं होतं. एकाच महाग केंद्राशी लांबलचक करार, वीज उचला न उचला, पैसे द्यायचेच. एन्रॉन ही अमेरिकी कंपनी दोन्हीकडे होती! एकीकडे सगळं रोजच्या भावावर सोडलं, दुसरीकडे सगळं आधीच बांधून घातलं, आणि दोन्हीकडे भुर्दंड पडला तो सामान्य माणसाला. आपल्याकडे एक्स्चेंज ऐच्छिक ठेवलं, बहुतेक वीज करारातच राहू दिली, कमी-जास्त तेवढी बाजारात आणली. लोक याला भित्रेपणा म्हणतात. मी शहाणपण म्हणते.

पुढच्या सुधारणा तुला माहीतच आहेत. 2012 पासून बोलीसाठी पंधरा मिनिटांचे ब्लॉक, दिवसाचे 96. 1 जून 2020 पासून दर अर्ध्या तासानं लिलाव होणारा रिअल टाइम बाजार. हा आमच्या वेळी असता तर! ढग आले आणि सौर वीज पडली, तर तासाभरात दुसरीकडून घेता येते, फीडरच्या यादीला हात लावायच्या आधी.

माझी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. मार्च 2022 मध्ये भाव 20 रुपयांवर गेले, तेव्हा आयोगानं 12 ची कमाल मर्यादा घातली आणि 2023 मध्ये ती 10 वर आणली. मर्यादा हवीच, कारण वितरण कंपनी तो भाव शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करणार. पण भाव 10 ला टेकला की त्याचं बोलणं संपतं. दहाला तयार असलेले सगळे एका रांगेत येतात आणि आहे ती वीज मागणीच्या प्रमाणात वाटली जाते. मग जास्त मागितलं तर वाट्याला जास्त येईल, हा मोह होतोच. ज्यानं गरजेपुरतीच प्रामाणिक बोली लावली, त्याला तेवढी कमी मिळते. रात्रीच्या पाळीतल्या पंपांची वीज तिथंच कापली जाते.

एकदा संध्याकाळी 7 च्या पुढच्या ब्लॉकचे रकाने उघडून बघ: खरेदी बोली, विक्री बोली, प्रत्यक्ष सौदा, भाव. तुम्ही सगळे शेवटचा रकाना बघता. मी पहिल्यातून तिसरा वजा करते, म्हणजे किती मागणी भागली नाही ते कळतं. दुपारी सौर वीज ओसंडते आणि भाव तळाला जातो, त्याच दिवशी संध्याकाळी ही वजाबाकी मोठी निघते.

जुलै 2025 मध्ये आयोगानं आदल्या दिवशीच्या बाजारासाठी, मागाहून आलेलं तिसरं धरून, तिन्ही एक्स्चेंजच्या बोली एकत्र जुळवण्याचा निर्णय दिला. तो मला योग्य वाटतो. जिथं गर्दी तिथंच सगळे जातात, म्हणून जवळजवळ सगळा सौदा एकीकडेच होतो, आणि एका खासगी कंपनीच्या पटावर देशाचा भाव ठरावा हे मला रुचत नाही. तुझ्या टीमकडे बोली जुळवायचं काम आहे, तर मर्यादेवरची वाटणी कशी करता हे जुनं म्हणून तसंच उचलू नका. फुगवलेली मागणी ओळखता येते का, हे तुमच्या साहेबांना विचार. मागच्या दिवसांत कुणी प्रत्यक्ष किती वीज उचलली याच्या नोंदी तुमच्या हाताशी असतातच.

आणि बॅटरीवाले दुपारी घेऊन संध्याकाळी विकतात, ते दोन्ही बोली एकमेकींना बांधून कशा लावतात हे मला नीट उमगलेलं नाही. रविवारी फोन करशील तेव्हा सावकाश समजावून सांग. बाबांची तब्येत ठीक आहे.

तुझी,
आई