छाटणीत गुंतलेल्या मित्रास

विश्रामबाग, सांगली
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचून आधी पोटभर हसलो, मग लिहायला बसलो. फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं, पण द्राक्षांची छाटणी सुरू झाली की तू फोन उचलतोस कुठं? वहिनी म्हणतात, फोन बांधावर वाजत असतो आणि मालक मांडवाखाली असतात.

तर मुद्द्याचं. हॉलंडच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा म्हणून तू जो मजकूर दाखवलास, ‘सॉरी फॉर लेट रिप्लाय, आय टूक अप विथ प्रूनिंग’, तो अजून गेला नसेल तर थांबव. ‘टेक अप विथ’ म्हणजे कुणाच्या तरी नादी लागणं, आणि बहुतेक वेळा घरच्यांना न आवडणाऱ्या माणसाच्या. ते वाक्य वाचून तो गोरा विचार करत बसेल की ही प्रूनिंग कोण बाबा! वहिनींना तर दाखवूच नकोस.

तुला म्हणायचं होतं ते असं: ‘आय वॉज टेकन अप विथ द प्रूनिंग.’ इथं तू कर्ता नाहीस, गड्या. तू काही घेतलेलं नाहीस, कामानं तुला घेतलंय, पुरतं ताब्यात. म्हणून ‘वॉज’ हवं आणि ‘टेकन’ही हवं. घाईत ‘अप’ खाल्लास तर आणखी तिसरंच होतं. ‘आय वॉज टेकन विथ द प्रूनिंग’ म्हणजे छाटणी माझ्या मनात भरली, मला ती फार आवडली. आवडत असेलही तुला, पण उशिराचं कारण म्हणून ते चालणार नाही.

या ‘अप’नं माझ्या वर्गातली पोरंही दरवर्षी गोंधळतात, कारण त्यांना शाळेपासून ‘अप म्हणजे वर’ एवढंच पाठ असतं. वर-खाली विसर. ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत जो फरक आहे, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं, ‘ड्राय अप’ म्हणजे पार आटून जाणं. आपण टाकणं, जाणं, बसणं, ठेवणं ही क्रियापदं मागं जोडून जे साधतो, ते इंग्रज पुष्कळदा या एवढ्याशा ‘अप’कडून करून घेतो. त्यामुळं ‘वेळ गेला’ला ‘अप’ लागत नाही, ‘वेळ खाऊन टाकला’ला लागतं.

मागच्या ऑक्टोबरात तुझ्या बागेत आलो होतो तेव्हाचंच घे. छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायचं काम चाललं होतं. हातमोजे घातलेल्या बायका, हातात फडक्याचा बोळा, तांबड्या रंगाचं ते औषध, आणि प्रत्येक काडीवरचे ठरलेले डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकेक करून भिजवायचे. एखादा डोळा सुटला तर तो मागं राहतो, बाकीचे फुटतात, म्हणून रंग घालायचा, लावलेलं दिसावं म्हणून. तू गड्यांना पुन्हा पुन्हा बजावत होतास, अंगावर घेऊ नका आणि आज आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नका, त्या रसायनावर दारू बाधते. हे सगळं होईतो दिवस बुडाला. त्या दिवसाचं इंग्रजी ‘द वर्क टूक अप द होल डे’. इथं काम कर्ता आहे, म्हणून साधं ‘टूक अप’, मागं ‘विथ’ नाही. फक्त गिऱ्हाइकाला ‘पेस्टिंग’ लिहू नकोस, त्याला वाटेल भिंतीवर कागद चिकटवत होतास. ‘ट्रीटिंग द बड्स’ लिही.

हेच क्रियापद फोनवर बोलताना फार कामाला येतं. ‘धिस वोन्ट टेक अप मच ऑफ युअर टाइम’ असं म्हणून बोलायला सुरुवात केलीस की समोरचा जरा सैल होतो. पुढं तू अर्धा तास घेशील ती गोष्ट वेगळी.

तू विचारलंस, ‘टाइड अप’ का नको? पुण्याच्या ऑफिसातले सगळे तेच म्हणतात, म्हणून तुला ते भारी वाटतंय. ‘आय ॲम टाइड अप टिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत मोकळा नाही. त्यात कशानं बांधलंय ते सांगावं लागत नाही, आणि माझ्या मते त्या लोकांना ते आवडतं ते त्यासाठीच. सांगायचंच असेल तर ‘टाइड अप विथ वर्क’. पण ‘टाइड अप इन द व्हाइनयार्ड’ लिहिलंस तर चोरांनी बागेत दोरीनं बांधून ठेवलेला बाळ्या डोळ्यांपुढं येतो! आणि ‘आय ॲम टाइंग अप’ नको, तो तर स्वतःच काहीतरी बांधत बसलेला माणूस. पैशाला मात्र हा शब्द चपखल बसतो. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा पडून आहे, दर चढेना, म्हणून भांडवल अडकलंय, याला ‘माय मनी इज टाइड अप इन स्टॉक’ म्हणायचं. तिथं ‘इन’च हवा.

‘कॉट अप’ ऐकून तुला काय आठवेल ते मला माहीत आहे. २०१९ चा ऑगस्ट. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि इथं सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली. गावभागात जी माणसं घरात अडकली ती ‘कॉट अप इन द फ्लड’. त्याच वेळी कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी आलं आणि ट्रक दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले, ते ‘हेल्ड अप’. पहिल्यात माणूस त्या भोवऱ्याच्या आत असतो, दुसऱ्यात त्याचा नुसता खोळंबा होतो. कामाच्या बाबतीत ‘कॉट अप इन’ म्हणजे मनात नसताना ओढला गेलो. भावकीच्या वाटणीत, सोसायटीच्या निवडणुकीत. छाटणी तशी नाही, ती तू तारीख धरून काढतोस. आणि ‘इन’ऐवजी ‘ऑन’ आलं तर अर्थ पालथा, ‘आय कॉट अप ऑन माय मेल्स’ म्हणजे तुंबलेल्या मेल एकदाच्या निकाली काढल्या.

सगळ्यात जपून वापर ते ‘रॅप्ड अप’. ‘आय ॲम रॅप्ड अप इन द प्रूनिंग’ म्हणजे मी छाटणीत गढून गेलोय. ‘आय रॅप्ड अप द प्रूनिंग’ म्हणजे छाटणी उरकली. तू लिहिताना ‘इन’ गाळलंस, तर तो बिचारा तिथं दिवस मोजायला लागेल, माल कधी येणार त्याचा हिशेब मांडेल, आणि तुझ्या निम्म्या काड्या अजून कात्रीची वाट बघत असतील. शिवाय दुसऱ्याबद्दल बोलताना त्यात थोडी तक्रारही येते, ‘ही इज रॅप्ड अप इन हिमसेल्फ’, त्याला स्वतःपलीकडं काही दिसत नाही.

खरं सांगू का, साधं ‘बिझी विथ द प्रूनिंग’ लिहिलं असतंस तरी भागलं असतं. फक्त आपल्याकडं हटकून ‘बिझी इन’ लिहितात ते लिहू नकोस. पण पुतण्यानं सांगितलंय की असली जोडक्रियापदं घातली की छाप पडते, आणि तू ऐकणार नाहीस. मग ‘टेकन अप विथ’च घाल. द्राक्षं घेणाऱ्याला तू कशात गुंतला होतास हे कळलेलं बरंच असतं. ‘टाइड अप’ म्हटलंस तर तू तासगावात बसून चहा पीत होतास की बागेत होतास, त्याला काय कळणार?

तर हे घे, असंच उतरवून पाठव: ‘सॉरी फॉर द लेट रिप्लाय. आय हॅव बीन टेकन अप विथ द प्रूनिंग. इट शुड बी डन बाय द एंड ऑफ नेक्स्ट वीक.’ काम अजून चालू आहे म्हणून ‘वॉज’च्या जागी ‘हॅव बीन’ घातलंय. शेवटच्या वाक्यातली मुदत मात्र तुझी तू बघून घाल, इकडं रोज दुपारी आभाळ भरून येतंय. तिकडं पाऊस झाला का? पानं यायच्या सुमाराला असाच राहिला तर डाऊनी रोगाच्या फवारण्यांत तू पुन्हा गायब होशील, तेव्हा हेच वाक्य ‘प्रूनिंग’ काढून ‘स्प्रेइंग’ घालून वापर, मला पुन्हा विचारू नकोस.

यंदा बेदाणा पाठवू नकोस, मागचाच डबा अजून अर्धा आहे. वहिनींना आणि मोठ्या आईंना नमस्कार.

तुझा,
मास्तर