दोन पिंपे

प्रिय मित्रा,

शालोम. तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. गुडघे आणि साखर आपापल्या जागी आहेत. आज लिहायला बसलो तो शब्बताई झ्वीमुळे, सतराव्या शतकात यहुद्यांचा मसीहा म्हणवणाऱ्या त्या माणसामुळे. तू त्याला लबाड म्हणायचास, मी वेडा. आणि त्याच्यापायी अलिबागच्या एस.टी.त भांडून आपण महिनाभर अबोला धरला होता.

बिरड्याच्या सणाला मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, मंडळींनी मला त्याच्यावर बोलायला लावले. दिवस नेमका होता, कारण १६२६ साली तुर्कस्तानातल्या स्मर्नामध्ये तो हिब्रू आव महिन्याच्या नवमीलाच जन्मला असे त्याचे भक्त सांगत आणि पुढे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा हा उपवास मोडून त्याने सणच करून टाकला. आपले वालाचे बिरडे त्याला ठाऊक असते तर एवढा खटाटोप केला नसता, असे मी म्हटले आणि उपाशी मंडळीही हसली. सलोनिकात तोराशी, आपल्या धर्मग्रंथाशीच, लावलेले त्याचे लग्न, १६६५ साली त्याला मसीहा ठरवणारा गाझाचा नाथान आणि १६ सप्टेंबर १६६६ रोजी तुर्की सुलतानापुढे मुसलमान होऊन त्याने बांधलेला फेटा, इथवर मी न अडखळता बोललो.

मग त्याच काळातल्या जर्मनीतल्या यहुदी ग्लिकेलच्या सासऱ्यावर आलो. या व्यापारी बाईने आठवणींत लिहिले आहे, की मसीहा आला या भरवशावर म्हातारा हामेलनचे घरदार सोडून हिल्डेसहाइमला गेला आणि पवित्र भूमीच्या प्रवासासाठी त्याने हॅम्बुर्गला हिच्याकडे दोन मोठी पिंपे पाठवली. त्यांत कपडे, वाटाणे, घेवडा, सुकवलेले मांस आणि सुकवलेली फळे ठासून भरली होती. वर्ष उलटून गेले तरी पिंपे तशीच होती. अखेर कपडे नासतील म्हणून खाण्याचे जिन्नस काढून घ्या, असे म्हाताऱ्यांनीच कळवले. कपडे मात्र भरलेलेच राहिले. इथे माझा आवाज गेला. प्रार्थना म्हणवणाऱ्या हझ्झानने पाणी आणले, आणि मग उपवास आहे हे आठवून तसेच परत नेले.

इस्रायलला जायला म्हणून भरलेली दादांची ट्रंक तुला सांगायला नको. घर बिल्डरला द्यायचे ठरले आहे, दिवाळीपर्यंत माळा रिकामा करायचा आहे आणि मुले म्हणतात, कुलूप तोडा. इस्रायलचा पहिला पंतप्रधान बेन गुरियन काही शब्बताई नव्हता, आणि तू तर तिकडे जाऊन पोचलासही. तरीही ती वूलनची बंडी मी कुणाच्या हाती देऊ? आपला वाद त्या एका माणसावर होता. पिंप भरणाऱ्याला आपण विचारातच घेतले नव्हते.

नातवाचे लष्कर संपले का? अश्दोदला उन्हाळा कसा आहे? वहिनींना शालोम सांग.

आणि हो, ट्रंकेची किल्ली निघताना तूच खिशात घालून नेलीस, असे मला अजून वाटते. जुन्या कोटात शोधून बघ.

तुझाच