वस्ताद, मागच्या चाकाचे ब्रेक आता मला कळतात

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर उद्यमनगरात तुमच्या शेडसमोर पिकअप उभी केली, तेव्हा मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो. गुळाचे रवे भरून करूळ घाट उतरताना ब्रेकचं पेडल प्रत्येक वळणाला आणखी खाली जायला लागलं होतं. दुसऱ्या गिअरवर कशीबशी वैभववाडी गाठली. परत येताना रिकामी गाडी ब्रेक लावला की मागून हलायची. एका गॅरेजात तर चाक न खोलताच "मास्टर सिलेंडर गेलाय" असं सांगितलं, म्हणजे पेडलचा जोर तेलातून चाकांपर्यंत पोचवणारा भागच, आणि मी पैशाची जुळवाजुळव करत होतो.

तुम्ही आधी नुसते सीटवर बसलात. पेडल एकदा दाबलं, खाली गेलं. लागोपाठ तीनदा दाबलं, वर आलं. मग पाय तसाच दाबून धरलात. "आता खाली बसतंय का? न्हाई. मग मास्टर बरा हाय. लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय." ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि लायनर म्हणजे त्याला आतून घासून चाक थांबवणारा थर. लगेच मला सीटवर बसवून तेच माझ्याकडून करून घेतलंत. मी बारा वर्षं गाडी चालवतोय, पण पेडल असं ऐकायचं असतं हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

डावा ड्रम निघाला तर आतलं लायनर काळं, ओलं. मी ब्रेक ऑइल म्हणालो. तुम्ही बोटाला लावून वास घ्यायला लावलात. तो उग्र वास गिअर ऑइलचा होता. ब्रेक ऑइल असतं तर व्हील सिलेंडरचे रबर गेले असते; हे तर एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, सीलमधून आलेलं. नवीन सील टाकून कुणीही गाडी सोडली असती. तुम्ही खाली शिरून एक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, काढून दाखवलात. उसाच्या फडातल्या चिखलानं तो पार बुजला होता. घाटात हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नुसतं सील बदललं असतं तर दोन महिन्यांत नवं लायनरही भिजलं असतं. पेट्रोलनं धुवून तेच परत लावू का, असं मी विचारलं होतं. लायनर आतपर्यंत तेल पितं आणि तापलं की ते परत वर येतं, म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंची लायनर बदललीत.

पेडल खाली का जात होतं, तेही हातात देऊन समजावलंत. लायनर ड्रमच्या जवळ सरकवणाऱ्या ऍडजस्टरचं दातेरी चाक गंजून जाम झालं होतं, त्यामुळे लायनर झिजत गेलं तसं अंतर भरून निघालंच नाही. त्यात घाटात ड्रम तापला की तो प्रसरण पावून लायनरपासून आणखी लांब जातो. म्हणून सपाटीला चालणारे ब्रेक उतारावर मला घाबरवत होते. एका वेळी एकच बाजू खोलायची, स्प्रिंगा कशा बसतात ते विसरलं तर दुसरी बाजू बघायला असते. डाव्या-उजव्या ऍडजस्टरचे आटे उलटे असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. आणि आतली धूळ हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. मी हवेची नळी उचलली तेव्हा तुम्ही चांगलेच ओरडला होता. ती धूळ छातीत जाते म्हणून ओरडला होता, हे नंतर कळलं.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र तुम्ही न विचारता सांगितलीत. जादा माल बसावा म्हणून मी मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवून घेतला होता. चेसिस आणि एक्सलमधलं अंतर बघून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवणारा व्हॉल्व्ह तुम्ही बोट ठेवून दाखवलात. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागच्या ब्रेकला जोर कमी मिळतो. घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर टाकून मी उतरत होतो! ते पाटे त्याच दिवशी काढले. आता माल कमी भरतो, एखादी फेरी वाढते. वाढू दे.

बिलात सामान आणि मजुरी होती. माझ्यासाठी घालवलेल्या अर्ध्या दिवसाचा एक रुपया त्यात नव्हता.

गेल्या रविवारी दारात, चाकांना दगड लावून, गाडी घोडीवर (स्टँडवर) घेऊन दोन्ही ड्रम मी स्वतः खोलले. लायनर कोरडी आहेत, ब्रीदर साफ केला. चाक घासेपर्यंत ऍडजस्टर आवळला, मग मोकळं फिरेपर्यंत सोडला, हँडब्रेक त्यानंतर जुळवला. डाव्या ड्रमला कडेला धार आलीय असं वाटतं. लेथवर घ्यायचा की नाही ते तुम्हीच बघून सांगा. ड्रमवर कोरलेलं जास्तीत जास्त व्यासाचं माप मी वहीत लिहून ठेवलंय.

गुऱ्हाळ पुढच्या महिन्यात सुरू होतंय. पहिल्या काहिलीतला गुळाचा रवा तुमच्या घरी घेऊन येतो, काकूंना सांगून ठेवा.

तुमचा,
करवीरचा पिकअपवाला