खाटेजवळच्या प्रश्नांपासून सुरुवात केल्याबद्दल

सन्माननीय ग्रंथपाल महोदया,

सविनय नमस्कार.

आमच्या वॉर्डांतील परिचारिकांसाठी वैद्यकीय संदर्भसाधन निवडताना आपण जे साहाय्य केलेत, त्याबद्दल सर्व सहकाऱ्यांच्या वतीने आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, ही निवड पुष्कळदा परिचारिकांना न विचारताच होते, आणि आपण ती कशी केलीत हे इतर रुग्णालयांतील परिसेविकांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

अपटूडेट या संगणकावरील वैद्यकीय संदर्भकोशासारखी साधने मुख्यतः निदान आणि उपचार ठरवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेपुढे मात्र औषध ठरलेले असते. ते कशात मिसळायचे, किती वेगाने सोडायचे, गोळी कुटून नाकातील नळीवाटे देता येईल का आणि दिल्यानंतर रुग्णाकडे कशासाठी लक्ष ठेवायचे, हे तिचे प्रश्न असतात. आपण पहिल्याच बैठकीत कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक न उघडता आमच्याकडून हे प्रश्न मागितलेत आणि ड्यूटीवर असताना पडलेला प्रश्न त्याच क्षणी टिपता यावा म्हणून प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवलीत. पुढची सारी पारख त्या वह्यांवरच झाली.

त्यांतला एक प्रश्न फेनिटॉइन या झटके थांबवणाऱ्या औषधाचा होता. झटके आलेल्या रुग्णाला डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून साखरेचे द्रावण, चालू आहे आणि फेनिटॉइन द्यायचे आहे; त्याच नळीतून द्यावे का? हे औषध डेक्स्ट्रोजमध्ये मिसळले की त्याचा साका तयार होतो, म्हणून ते नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या द्रावणातच, पातळ करायचे, आधी आणि नंतर नळी सलाईनने धुवायची, प्रौढ रुग्णाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने द्यायचे नाही, आणि ते चालू असताना हृदयाची लय व रक्तदाब पाहत राहायचे. ही माहिती आपण पाहिलेल्या बहुतेक साधनांत कुठे ना कुठे होतीच. पण एका साधनात ती पडदा उघडताच समोर आली, तर दुसऱ्यात औषधाचा इतिहास, रासायनिक रचना आणि उपयोगांची लांबलचक यादी ओलांडल्यावर सापडली. आपण हा फरक कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर पाहून समाधान मानले नाहीत, तर वॉर्डात येऊन आमच्याच संगणकावर, आमच्याच हातून शोधून घेतलात.

दोन औषधे एका नळीतून चालतात का, या प्रश्नावर आपण धरलेला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. मायक्रोमेडेक्ससारख्या औषधकोशांत ही सुसंगती तपासण्याची वेगळी सोय असते. परंतु ‘चालते’, ‘चालत नाही’ आणि ‘याची तपासणीच झालेली नाही’ ही तीन उत्तरे साधनाने स्पष्टपणे वेगळी दाखवलीच पाहिजेत, असे आपण ठामपणे सांगितलेत. रात्रपाळीत एकट्या असलेल्या परिचारिकेने रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘हरकत नाही’ असा घेतला, तर त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतील. वयाच्या बाबतीतही आपण तितकेच काटेकोर राहिलात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक आणि कॅल्शियम असलेले द्रावण मोठ्या रुग्णाला मधे नळी नीट धुऊन एकामागून एक देता येते. नवजात बालकाला मात्र, नळ्या वेगळ्या असल्या तरी, ते तसे द्यायचे नसते. हा भेद ज्या साधनात तळटिपेत दडलेला होता, ते आपण बाजूला ठेवलेत, आणि तो निर्णय योग्यच होता.

मजकूर कोणी लिहिला, शेवटचा केव्हा तपासला आणि त्याचा आधार कोणता, हे न सांगता झटपट उत्तर देणारी साधनेही आपण नाकारलीत. त्यांचा वेग मोहात पाडणारा होता, म्हणून हे विशेष नमूद करते.

महोदया, परिचारिकेला औषधाविषयी शंका येणे हा तिच्या कामाचाच भाग आहे, हे आपण गृहीत धरलेत. त्यामुळे आमच्या नव्या मुली आता वरिष्ठांसमोरही न संकोचता साधन उघडून पाहतात, आणि डॉक्टरांना फोन करताना नेमका प्रश्न विचारतात. याबद्दल आम्ही आपल्या ऋणी आहोत.

वह्या आम्ही चालूच ठेवल्या आहेत. ज्या प्रश्नांना निवडलेल्या साधनात उत्तर मिळाले नाही, त्यांवर खूण केली आहे. वर्गणीच्या नूतनीकरणाआधी आपण त्या एकदा नजरेखालून घालाव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक परिसेविका